हातच्याची वजाबाकी

१२ नोव्हेंबर २०२१, शुक्रवार. दिवाळी सरून आठवडा झाला होता. एसटीचा संप चालू होता, आगारं बंद होती. महाराष्ट्रातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांना मार्च २०२० मध्ये लागलेलं कुलूप अजून अधिकृतपणे निघालंच नव्हतं. हे वर्ग सुरू व्हायचे होते १ डिसेंबरला. तरीही त्या सकाळी ठरावीक शाळांमध्ये तिसरीची मुलं येऊन बसली. पहिलीत ही मुलं जेमतेम नऊ महिने शाळेत गेली होती. दुसरी अख्खी घरात गेली. ज्यांच्या घरी फोन होता त्यांनी फोनवर जमेल तेवढा अभ्यास केला, ज्यांच्या घरी नव्हता त्यांचा तोही राहिला. अशा मुलांच्या हातात ४७ प्रश्नांची पुस्तिका आली आणि ती सोडवायला दीड तास मिळाला.

या दिवसाचं सरकारी नाव ‘राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण’. शिक्षकांच्या बोलण्यात तो ‘नॅस’. त्या दिवशी देशातल्या ७२० जिल्ह्यांतल्या १ लाख १८ हजार शाळांमध्ये तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीच्या सुमारे ३४ लाख मुलांनी तो दिला. तीन वर्षांनी, ४ डिसेंबर २०२४ रोजी, हेच काम नव्या नावानं झालं, ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’. या वेळी ७८१ जिल्हे, ७४,२२९ शाळा आणि २१ लाख १५ हजार मुलं होती. इयत्ता बदलल्या होत्या, तिसरी, सहावी आणि नववी. २०२१ साली तिसरीत असलेली मुलं २०२४ साली सहावीत होती. म्हणजे टाळेबंदीनं जिची दुसरी गिळली, त्याच पिढीकडे देशानं तीन वर्षांनी पुन्हा पाहिलं. काय दिसलं, ते पुढे येईलच.

मराठी पालकाला शाळेतली परीक्षा म्हटली की शिष्यवृत्ती आठवते. सकाळी जादा तास, सराव संच, गुणवत्ता यादी, पेपरात फोटो. त्यामुळे घरी येऊन मूल ‘आज नॅसचा पेपर होता’ म्हणालं, की पहिला प्रश्न येतो, ‘किती मार्क पडतील?’ एकही नाही. या सर्वेक्षणात मुलाला गुणपत्रिका मिळत नाही, शाळेलाही मिळत नाही. निकाल लागतो तो देशाचा, राज्याचा आणि जिल्ह्याचा. प्रश्न मुलाला विचारले जातात, पण उत्तर द्यायचं असतं व्यवस्थेनं.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती अगदी हीच. देशात साडेचौदा लाखांहून जास्त शाळा आहेत. त्यांतल्या साधारण वीस शाळांमागे एका शाळेत २०२४ चं सर्वेक्षण झालं. वर्गात पट मोठा असेल तर त्यातली तीसच मुलं निवडतात, तीही कुणाच्या पसंतीनं नव्हे. वर्गशिक्षकांनी पेपर घ्यायचा नसतो. त्यासाठी बाहेरून क्षेत्रीय अन्वेषक येतो. महाराष्ट्रात बहुतेक वेळा डी.एल.एड. किंवा बी.एड.चं शिक्षण घेणारी मुलं-मुली हे काम करतात. वर एक निरीक्षक असतो. पेपर झाला की मुलं, मुख्याध्यापक आणि शिक्षक एकेक प्रश्नावली भरतात. शाळेत पाणी येतं का, घरात कोणती भाषा बोलतात, मूल शाळेत कसं येतं, असे प्रश्न त्यांत असतात. २०२१ च्या उत्तरांवरून कळलं, की देशातली ४८ टक्के मुलं शाळेत पायी जातात आणि टाळेबंदीच्या काळात २४ टक्के मुलांच्या घरी कुठलंही डिजिटल साधन नव्हतं. गणिताच्या सरासरीपुढे या आकड्यांकडे फारसं कुणी पाहिलं नाही, हे वाईट झालं. सरासरी तशी का आली, ते इथेच तर लिहिलेलं होतं.

शितावरून भात ओळखायचा तर शीत पातेल्यातलंच हवं. तेवढंच शीत वेगळं काढून शिजवलं तर भाताबद्दल काहीच कळणार नाही. शाळा या सर्वेक्षणाची तयारी कशी करतात, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

२०२४ च्या हिवाळ्यातलं महाराष्ट्रातल्या शिक्षकांचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणून पाहा. ऑक्टोबरअखेर दिवाळीची सुटी लागली. सुटी संपते न संपते तोच विधानसभेची निवडणूक. प्रशिक्षण, साहित्य ताब्यात घेणं, आदल्या रात्री केंद्रावर मुक्काम आणि २० नोव्हेंबरला मतदान. २३ ला मतमोजणी. आणि त्यानंतर अकराव्या दिवशी परख. मधल्या काळात शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सराव प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ येत राहतात. चाळीस मुलांसाठी आठ-आठ पानं झेरॉक्स काढायची म्हटलं तर खर्च कुणी करायचा? मग शिक्षिका फळ्यावर प्रश्न लिहितात आणि मुलं वहीत अ, ब, क, ड लिहून त्यातल्या एकाला गोल करतात. सराव झाला की किती मुलांनी दिला, किती बरोबर आले, ते लिंकवर भरायचं. लिंक संध्याकाळी पाचला बंद होते. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक लिंक भरत असतो, तेव्हा चार वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात असतात.

आपली शाळा निवडली जाईल की नाही, याची खात्री आधी कुणालाच नसते. म्हणून तालुक्यातल्या सगळ्याच शाळा सराव करतात. दोनशे शाळांच्या तालुक्यात सर्वेक्षण प्रत्यक्षात दहा-बारा शाळांत होणार असतं, पण गोल रंगवायला दोनशे शाळांतली मुलं शिकतात.

सराव वाईटच, असं मात्र म्हणता येणार नाही. ज्या मुलानं आयुष्यात कधी छापील प्रश्नपुस्तिका उघडलेली नाही, त्याच्यापुढे ती एकदम ठेवली तर गणित येत असूनही ते गोंधळतं. तिसरीच्या मुलाचा हात पेन्सिलीचा असतो, पेन त्याला नवं असतं. चार पर्यायांतून एक निवडायचा, गोल पूर्ण काळा करायचा, एका प्रश्नाला दोन गोल करायचे नाहीत, बाहेरून आलेल्या ताईंना घाबरायचं नाही. एवढं सांगायला दोन-तीन तास द्यायलाच हवेत. मेळघाटातल्या मुलाच्या घरात कोरकू बोलली जाते आणि प्रश्न मराठीत येतो. त्या मुलाला तर प्रश्नाच्या भाषेचीच आधी ओळख करून द्यावी लागते. अशी ओळख करून देण्यात फसवणूक कसलीच नाही. बिघडतं ते तीन तासांचे तीन आठवडे झाले की, आणि सर्वेक्षणात नसलेले विषय, चित्रकला, खेळ, गोष्टीची पुस्तकं, हे सगळं ‘चार डिसेंबरनंतर’ या खात्यात जमा झालं की.

पंजाबचं उदाहरण या बाबतीत पाहण्यासारखं आहे. २०२१ मध्ये पंजाब बऱ्याच विषयांत देशात सगळ्यांच्या पुढे होता. त्याआधीचे महिने तिथे सराव चाचण्यांचे होते, आणि नियमित अभ्यासक्रम बाजूला पडतो आहे, अशी तिथल्या शिक्षकांची तक्रार होती. निकाल आल्यावर त्याच्या खरेपणावरून राजकीय वादही झाले. पुढे राज्यानं ‘मिशन समर्थ’ सुरू केलं. त्यात मुलगा कोणत्या इयत्तेत आहे ते न पाहता, त्याला वाचन आणि गणितात कुठपर्यंत येतं ते पाहून गट पाडतात आणि तिथून शिकवतात. २०२४ च्या परखसाठी त्याच्या जोडीला पुन्हा सरावाची स्वतंत्र मोहीम होती. निकालात पंजाब पुन्हा केरळ, हिमाचल यांच्याबरोबर पहिल्या फळीत. आता यातलं किती यश गट पाडून शिकवण्याचं आणि किती सरावाचं, हे त्या आकड्यावरून कुणालाही वेगळं काढता येणार नाही. सरावाचा खरा तोटा हा आहे. चांगलं काम केलेल्या शिक्षकालाही आपलं काम सिद्ध करता येत नाही.

ही शंका निव्वळ चहाच्या टपरीवरची नाही. डग जॉन्सन आणि आंद्रेस पॅराडो या अभ्यासकांनी २०२१ मध्ये भारतातल्या शैक्षणिक आकडेवारीचे तीन स्रोत शेजारी ठेवून पाहिले. एक सरकारी नॅस, दुसरा ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ आणि तिसरं मानव विकासाचं एक मोठं घरगुती सर्वेक्षण. नॅसमधल्या राज्यांच्या सरासऱ्या इतर दोघांपेक्षा ठळकपणे वर होत्या आणि राज्यांची क्रमवारीही त्यांच्याशी जुळत नव्हती. नॅसचे आकडे फुगलेले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. मध्य प्रदेशात शाळांनी स्वतः घेतलेल्या चाचण्यांचे गुण आणि त्याच मुलांची त्रयस्थांनी घेतलेली चाचणी यांत मोठं अंतर असल्याचं अभिजीत सिंग या अर्थशास्त्रज्ञाच्या अभ्यासात दिसलं. चाचणीचे गुण वाढले की शाळेचं नाव होतं आणि घसरले की बैठकीत उभं केलं जातं, अशी भीती जिथे असते तिथे गुण आपोआप वाढतात.

‘असर’ची पद्धत वेगळी आहे. २००५ पासून त्याचे स्वयंसेवक ग्रामीण भागात घरोघरी जातात, शाळेत नव्हे. मुलाला समोर बसवून एक कागद देतात. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. मुलानं ती मोठ्यानं वाचायची. घराच्या ओट्यावर, आई शेजारी उभी असताना. तिथे गोल रंगवायचा नसतो आणि अंदाजानं उत्तरही देता येत नाही. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या किती मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येते, याचं देशाचं प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होतं. टाळेबंदीनंतर २०२२ मध्ये ते १६.३ टक्क्यांवर आलं आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर गेलं. चारातल्या तीन मुलांना अजून येत नाही, ही त्यातली दुःखाची बाजू. दोन वर्षांत सात टक्क्यांची वाढ ही दुसरी बाजू, आणि ती वर्गात राबलेल्या माणसांनी घडवली आहे.

आता परखच्या निकालाकडे. तो जुलै २०२५ मध्ये आला. गणितात तिसरीची देशाची सरासरी ६० टक्के, सहावीची ४६, नववीची ३७. भाषेत ती ६४, ५७ आणि ५४. एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. २०२१ चे निकाल शून्य ते पाचशेच्या मोजपट्टीवर होते; तिसरीचं गणित ३०६, पाचवीचं २८४, आठवीचं २५५. तिसरी सोडली तर इयत्ता निराळ्या, पट्टी निराळी. त्यामुळे २०२१ च्या आकड्यातून २०२४ चा आकडा वजा करून ‘सुधारणा’ किंवा ‘घसरण’ सांगणाऱ्या कुठल्याही भाषणावर विश्वास ठेवू नये. पण दोन्ही वेळा उताराची दिशा तीच आहे. वरच्या वर्गात जावं तसं गणित हातातून सुटत जातं. ग्रामीण मुलांच्या बाबतीत तर हे फार जाणवतं. तिसरीत ग्रामीण मुलं शहरी मुलांच्या पुढे होती. सहावीत आणि नववीत ती मागे पडली.

वृत्तपत्रांत सगळ्यात गाजली ती दोन वाक्यं. तिसरीतल्या ५५ टक्के मुलांनाच ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमानं लावता येतात, आणि सहावीतल्या ५३ टक्के मुलांनाच १० पर्यंतचे पाढे येतात. दुसऱ्या वाक्यात थोडी गफलत आहे. अहवालातली क्षमता पाढ्यांपेक्षा मोठी आहे. अंकगणितातल्या क्रिया आणि त्यांचं एकमेकींशी नातं समजणं, बेरजेचे आणि गुणाकाराचे पाढे माहीत असणं आणि ते रोजच्या व्यवहारातल्या उदाहरणात वापरता येणं, असं सगळं मिळून ते ५३ टक्के आहेत. लेखी पेपरात पाढा म्हणून घेता येतच नाही. सात आठे छप्पन्न घडाघडा म्हणणारा मुलगाही ‘सात डझनी केळ्यांच्या आठ पेट्या’ वाचून थबकू शकतो. बातमी वाचून घरी पाढ्यांची घोकंपट्टी वाढवणाऱ्या पालकांनी नेमकं हेच दुखणं तसंच ठेवलं.

पहिल्या वाक्यापाशी मात्र मराठी माणसानं जरा जास्त थांबायला हवं. संख्या क्रमानं लावणं एवढं अवघड का जावं? मुलाला २५ दिसतं तेव्हा डोळा आधी दोन पाहतो आणि तोंड आधी ‘पंच’ म्हणतं. ‘बावन्न’ ऐकल्यावर हात आधी दोन लिहायला जातो. एकोणपन्नासमध्ये तर पन्नास ऐकू येतं आणि लिहायचे असतात चार आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचायची जोड दिली गेली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. मराठी मोडीत काढताहेत इथपर्यंत टीका झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर तेव्हा पुनःपुन्हा सांगत होत्या, की जुनी नावं काढलेली नाहीत, अडखळणाऱ्या मुलाला हा आधार आहे. पुस्तकातली सूचना कुणाला पटो न पटो, त्यांनी बोट ठेवलं होतं ते अचूक जागी. पुढे पाच वर्षांनी देशातल्या साधारण निम्म्या तिसरीला जिथे अडखळताना पाहिलं, ती जागा हीच. हिंदी बोलणाऱ्या मुलाचीही अडचण काही वेगळी नाही.

आता एक साधा प्रश्न जवळून पाहू. सर्वेक्षणातला खरा प्रश्न हा नव्हे, पण घडण तशीच आहे. ‘सलमाकडे ४३ चिंचोके होते. त्यातले २७ तिनं भावाला दिले. तिच्याकडे किती उरले?’ पर्याय चार: १६, २४, २६, ७०.

हे चार आकडे गंमत म्हणून दिलेले नसतात. ७० निवडणाऱ्या मुलानं दोन संख्या पाहिल्या आणि बेरीज केली. त्याला बहुधा वाक्य वाचता आलं नाही, किंवा वाचून अर्थ लागला नाही. त्याला गणित नव्हे, वाचन शिकवायला हवं. २४ निवडणाऱ्या मुलानं एककाच्या घरात तीनातून सात जात नाहीत म्हणून सातातून तीन काढले. मोठ्यातून लहान काढायचं एवढंच त्याच्या मनात बसलं आहे. हातचा ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नाही. २६ निवडणारा फार जवळ आलेला आहे. त्यानं दशकाकडून एक दहा आणला, तेरातून सात काढून सहा लिहिले, पण चारचे तीन करायचे राहिले. त्याच्याबरोबर काड्यांच्या गठ्ठ्यांनी पाच उदाहरणं केली की तो सुटतो.

तीन मुलं चुकली, तिघांनाही शून्य गुण. पण तिघांना उद्या सकाळी जे शिकवायचं ते तीन प्रकारचं आहे. हुशार वर्गशिक्षिका वहीत चूक पाहते आणि तिच्या हे ध्यानात येतं. सर्वेक्षणाचे चांगले प्रश्न असे रचलेले असतात, की चुकीचं उत्तरही बोलतं. त्याचं बोलणं वर्गापर्यंत पोहोचवण्याची सोय मात्र आपण केलेली नाही.

नोव्हेंबर २०२१ च्या सर्वेक्षणाचा निकाल २५ मे २०२२ ला लागला, उन्हाळ्याच्या सुटीत. डिसेंबर २०२४ चा जुलै २०२५ मध्ये. तोवर २६ निवडणारा मुलगा पुढच्या वर्गात गेलेला असतो, कदाचित दुसऱ्या शाळेत, कदाचित ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात. त्याच्या शिक्षिकेला जे मिळतं ते जिल्ह्याचं पत्रक. ‘संख्याज्ञान: जिल्हा सरासरी अमुक, राज्य सरासरी तमुक.’ जिल्ह्याच्या सरासरीला शिकवता येत नाही. जिल्ह्याच्या शिक्षण-प्रशिक्षण संस्थेचे, म्हणजे डाएटचे, अधिव्याख्याते त्यावर कार्यशाळा घेतात, केंद्रप्रमुख महिन्याच्या शिक्षण परिषदेत ‘कमी संपादणूक असलेल्या अध्ययन निष्पत्ती’ वाचून दाखवतात, आणि बहुतेक वेळा शेवटी ठरतं ते एकच: आणखी सराव.

हा खड्डा बुजवण्यासाठी महाराष्ट्रानं स्वतःच्या नियतकालिक चाचण्या आणल्या. २०२३-२४ मध्ये तिसरी ते आठवीला भाषा, गणित आणि इंग्रजीच्या पायाभूत आणि संकलित चाचण्या सुरू झाल्या. पेपर त्याच शाळेतले शिक्षक तपासतात, म्हणजे चूक शिक्षकाच्या डोळ्यांसमोरच येते. कल्पना उत्तम आहे. वर्गशिक्षकाला दुसऱ्याच दिवशी कळतं, की आपल्या तेवीस मुलांपैकी नऊ जण हातच्यापाशी अडले. पण गुण चॅटबॉटवर चढवण्याची मुदत पाळण्यातच शिक्षकाचा जीव जातो आणि आकडे पुण्याला पोहोचले की काम संपल्यासारखं होतं. प्रश्नपत्रिका आणि उत्तरं यूट्यूबवर आधीच फिरल्याच्या बातम्याही आल्या. तिसरी-चौथीच्या चाचणीची उत्तरं कुणाला आधी हवी असतात? मुलांना तर नाहीच. त्या चाचणीवर आपली किंमत ठरणार, असं ज्या मोठ्यांना वाटतं त्यांना.

महाराष्ट्राला याहून चांगलं करता येतं, हे महाराष्ट्रानंच दाखवलेलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्या शाळांतून ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली, ती कुठल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा बडगा होता म्हणून नव्हे. फरशीवर आखलेल्या संख्या, मणी, काड्या, खडे, गटात बसून एकमेकांना शिकवणारी मुलं. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक पदरचे पैसे खर्चून, गाड्या करून जात होते. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयामागे अशा शाळांचं काम होतं. तिथे काय पाहिलं, हे ते शिक्षक आजही सांगतात: मूल चुकलं की बाई रागावत नव्हत्या, ‘कसं केलंस ते दाखव’ म्हणत होत्या. वरच्या चिंचोक्यांच्या उदाहरणाला याहून नेमका प्रतिसाद दुसरा नाही.

अशा शाळा अजूनही आहेत, जिथे सर्वेक्षणाच्या आधी आणि नंतरही वेळापत्रक फारसं हलत नाही. सकाळचा पहिला अर्धा तास स्तरानुसार गट, मग वर्ग. केंद्रप्रमुख भेटीला आले तर रजिस्टर नंतर मागतात, आधी एका मुलाला जवळ बोलावून गोष्ट वाचायला लावतात. या शाळांना परखच्या आदल्या आठवड्यात वेगळं काही करायचं नसतं. पेन कसं धरायचं आणि गोल कसा रंगवायचा, हे सांगायला दोन तास पुरतात.

आणि काही गोष्टी वरूनच व्हायला हव्यात. निकाल सहा-सात महिन्यांनी नव्हे, चालू शैक्षणिक वर्षात मिळायला हवा. पेपर झाल्यावर प्रश्नांचा एक भाग, प्रत्येक चुकीचा पर्याय काय सांगतो याच्या टिपणासह, सगळ्या शाळांना द्यायला हवा. मग निवड न झालेल्या एकोणीस शाळांनाही त्याचा उपयोग होईल. जिल्ह्याच्या क्रमांकावरून शिक्षणाधिकाऱ्यांना बैठकीत उभं करणं थांबलं, तर खाली शिक्षकाला उभं करणंही थांबेल. आणि निवडणूक व सर्वेक्षण यांच्यात निदान महिनाभराचं अंतर राखायला तर पैसाही लागत नाही.

भारतानं परीक्षेपासून तोंड फिरवूनही पाहिलेलं आहे. २००९ च्या फेरीतल्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले. ७४ सहभागी प्रदेशांच्या यादीत या दोघांच्या खाली फक्त किर्गिझस्तान होता. प्रश्न आपल्या मुलांच्या परिसरातले नव्हते, असं म्हणत देशानं तो नाद सोडला. त्याच हिमाचलचं नाव पंधरा वर्षांनी परखच्या पहिल्या फळीत आहे. मोजणं नकोच म्हणणाऱ्यांनी याकडेही पाहायला हवं. मोजलं नसतं, तर २०२१ ची तिसरी आपण विसरून गेलो असतो.

त्या तिसरीचं काय झालं? २०२४-२५ मध्ये ती मुलं सहावीत होती, आणि वर सांगितलेले सहावीचे आकडे त्यांचेच आहेत. गणितात ४६ टक्के. चार क्रिया नीट वापरू शकणारी निम्म्याहून जेमतेम जास्त. २०२५-२६ मध्ये ती सातवीत गेली. सर्वेक्षणाचं तीन वर्षांचं चक्र पाळलं गेलं, तर २०२७ च्या हिवाळ्यात ती नववीत असतील आणि सर्वेक्षणाची पुस्तिका तिसऱ्यांदा या पिढीपुढे येईल. बीजगणिताच्या तासाला त्यांचे शिक्षक फळ्यावर समीकरण लिहितील, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा वहीच्या कोपऱ्यात त्रेचाळीसमधून सत्तावीस वजा करून सव्वीस लिहील. दुसरीचं जे वर्ष त्याच्या वाट्याला आलंच नाही, त्यातली ती वजाबाकी आहे. त्याच्या वर्गात आज कुणी त्याला ‘कसं केलंस ते दाखव’ म्हटलं, तर काड्यांचा एक गठ्ठा सोडून तो पाच मिनिटांत ती शिकू शकतो.